रूझवेल्टने नेमलेला 'नामवंत समाजशास्त्रज्ञ'

जुना_इन्स्पेक्टर | रवि, रात्री ९:४०

मंडळी, मागे एका धाग्यावर "थिओडोर रूझवेल्टवर कधीतरी लिहीन" असं बोलून गेलो आणि दोघातिघांनी ते नेमकं लक्षात ठेवलं. आता सुटका नाही.

आधी एक खुलासा. हा फ्रँकलिन नव्हे. महामंदी, दुसरं महायुद्ध, चाकांची खुर्ची हे सगळं फ्रँकलिनचं. आपला हा थिओडोर, १९०१ ते १९०९ चा राष्ट्राध्यक्ष. चष्मा, मिशा आणि दात. दोघं लांबचे चुलत, आणि फ्रँकलिनची बायको एलिनॉर ही थिओडोरची सख्खी पुतणी. (चाकांची खुर्ची याच्याही गोष्टीत येते, पण थोड्या दिवसांसाठी. खाली सांगतो.)

माझा त्याच्याशी संबंध आला विडीमुळे. नोकरीची बरीच वर्षं सोलापुरात कामगार खात्यात काढली. आमचा कायदा तेव्हा १९६६ चा, 'विडी व सिगार कामगार'. उभ्या नोकरीत विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी पाहिल्या, सिगार वळणारं माणूस एकही नाही. मग ही सिगार कायद्याच्या नावात आली कुठून, या किड्यापायी वाचत गेलो. तिकडे मद्रासकडे सिगारचा धंदा होता, हे साधं उत्तर लगेच मिळालं. पण वाचता वाचता न्यूयॉर्कची सिगार सापडली आणि तिथे हा तेवीस-चोवीस वर्षांचा आमदार भेटला.

गडी श्रीमंताघरचा. जन्म न्यूयॉर्कचा, २७ ऑक्टोबर १८५८. लहानपणी दम्याने इतका बेजार की रात्र रात्र बसून काढायचा. पुढे हार्वर्ड, आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत. तिथे एक विधेयक आलं: भाड्याच्या चाळींतून राहत्या घरात सिगार वळायला बंदी. रूझवेल्ट त्या समितीवर, आणि मनातून विरोधात. माणसाने स्वतःच्या घरात काय करावं हे सरकारने का सांगावं, असं त्याचं चोख शेठजी-मत. कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स त्याला म्हणाला, चला, दाखवतो.

त्याने पाहिलेली एक खोली त्याच्या आत्मचरित्रात आहे. एका खोलीत दोन कुटुंबं, त्यातल्या एकाकडे आणखी एक भाडेकरू. तीन पुरुष, दोन बाया, पोरं वेगळी. सगळी बोहेमियातून आलेली, इंग्रजी फक्त एका पोराला येतं, तोच दुभाषा. तंबाखू सगळीकडे, कळकट बिछान्याला लागून, कोपऱ्यात उष्ट्यामाष्ट्याशेजारी. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच काम, तिथेच जेवण, तिथेच झोप.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापलेली पानं, आणि त्याच सुपाच्या कडेला डोकं टेकून झोपलेलं तान्हं पोर. हे मी किती वेळा पाहिलं आणि रजिस्टरवर शेरा मारून पुढच्या घरी गेलो. रूझवेल्ट एकदा गेला आणि मत बदलून आला. पुन्हा एकटा, स्वतःहूनही जाऊन आला.

विधेयक झालं, राज्यपालांनी सही केली, आणि जानेवारी १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ते रद्द केलं. कारण वाचा: सिगार वळणाऱ्याला त्याच्या घरातून, तिथल्या पवित्र वातावरणातून उठवून दुसरीकडे कामाला लावलं तर त्याची तब्येत किंवा नीती कशी सुधारणार, हे न्यायाधीशांना कळेना! रूझवेल्टने पुढे लिहिलं की न्यायाधीशांचा हेतू चांगला होता, पण चाळ कशी असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मधल्या काळाची नुसती यादी देतो, नाहीतर पहाट होईल. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी आई आणि बायको दोघी गेल्या, बायको दोन दिवसांची बाळंतीण. डाकोटात गुरं पाळली, ती १८८६-८७ च्या थंडीत मेली. न्यूयॉर्कचा पोलीस कमिशनर असताना मध्यरात्री गस्तीवरचे झोपाळू शिपाई पकडत फिरला. क्यूबात लढला, गव्हर्नर झाला. पक्षातल्या बड्या धेंडांना तो डोईजड झाला, म्हणून त्याला उपाध्यक्षपदाच्या बिनकामाच्या खुर्चीत बसवलं. सप्टेंबर १९०१ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीला गोळी लागली आणि बेचाळिसाव्या वर्षी हा राष्ट्राध्यक्ष. धेंडांची काय अवस्था झाली असेल!

आता मुख्य गोष्ट. मे १९०२, पेनसिल्व्हेनियातल्या कडक कोळशाच्या खाणी. सुमारे दीड लाख कामगार संपावर. मुख्य मागण्या: मजुरी वाढवा, तास कमी करा, आणि कोळसा नीट तोला. न्यूयॉर्क-बॉस्टनकडची घरं याच कोळशावर तापायची. ऑक्टोबर आला तरी संप चालूच, कोळशाचे भाव कैकपटीने वर.

खाणी खरं तर रेल्वे कंपन्यांच्या. त्यांचा म्होरक्या जॉर्ज बेअर, रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष. त्याने एका पत्रात लिहिलं की कामगारांच्या हिताची काळजी चळवळ्यांनी घ्यायची नसते, ईश्वराने ज्यांच्या हाती देशाची मालमत्ता सोपवली ते ख्रिस्ती सद्गृहस्थ ती घेतील. पत्र छापून आलं आणि देशभर छीथू झाली.

याआधी संप चिघळला की राष्ट्राध्यक्ष सैन्य पाठवायचे, मालकांच्या बाजूने. १८९४ मध्ये क्लीव्हलंडने तेच केलं होतं. रूझवेल्टने ३ ऑक्टोबर १९०२ ला दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवलं. व्हाइट हाउसची दुरुस्ती चालू होती म्हणून समोरच्या चौकातल्या घरात बैठक, आणि हा स्वतः चाकांच्या खुर्चीत. महिन्यापूर्वी त्याच्या बग्गीला ट्रामने उडवलं होतं, त्यात त्याचा अंगरक्षक जागीच गेला, याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती. कामगारांचा जॉन मिचेल शांतपणे म्हणाला, तुम्ही लवाद नेमा, निकाल आम्हाला मान्य. मालक त्याच्याशी बोलायलाही तयार नाहीत, उलट राष्ट्राध्यक्षालाच चार शब्द सुनावले.

मग याने दोन दोऱ्या एकदम ओढल्या. एकीकडे सैन्य लावून खाणी सरकारनेच चालवायची तयारी, जनरलसुद्धा ठरला. दुसरीकडे सावकारांचा सावकार जे. पी. मॉर्गन. गंमत बघा, त्याच वर्षी रूझवेल्टने मॉर्गनच्या रेल्वे-मक्तेदारीवर खटला भरला होता. तेव्हा मॉर्गन म्हणाला होता, काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, मिटवून टाकतील. (नाही मिटवलं. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मक्तेदारी मोडली.) आता खरंच माणूस पाठवला: मंत्री एलिहू रूट मॉर्गनच्या बोटीवर जाऊन बसला आणि मालक लवादाला तयार झाले.

पण अट घातली. लवादात एक लष्करी इंजिनियर, एक खाणतज्ज्ञ, एक न्यायाधीश, एक कोळशाच्या धंद्यातला आणि एक 'नामवंत समाजशास्त्रज्ञ' असावा. कामगार संघटनेचा माणूस मेलो तरी चालणार नाही. तासन् तास घासाघीस. शेवटी रूझवेल्टच्या लक्षात आलं की यांचं भांडण माणसाशी नाहीच, नावाशी आहे. आपल्याकडे एखाद्याला मामा चालत नाही पण आईचा भाऊ चालतो, तसं. त्याने रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख ई. ई. क्लार्क उचलला आणि समाजशास्त्रज्ञाच्या जागेवर बसवला. मालकांनी मान डोलावली!

मार्च १९०३ मध्ये निकाल लागला. दहा टक्के वाढ, बहुतेकांचे दहाचे नऊ तास, आणि तोलावर लक्ष ठेवायला कामगारांचा स्वतःचा माणूस. संघटनेला मान्यता मात्र नाही.

उरलेलं प्रतिसादांत. हात दुखला.

भाकरवडी | रवि, रात्री १०:१५

इन्स्पेक्टरसाहेब, झकास. 'मामा / आईचा भाऊ' वाचून हसतेय. टेडी बेअर याच्याच नावाचं ना? ते राहिलं.

जुना_इन्स्पेक्टर | रवि, रात्री १०:३२

याच्याच. संप मिटल्यावर महिन्याभरात मिसिसिपीत शिकारीला गेला. वाटाड्या होल्ट कोलियर, जन्माने गुलाम, त्या भागातला नावाजलेला शिकारी. त्याने अस्वल झाडाला बांधून ठेवलं. साहेब म्हणाले, बांधलेल्यावर गोळी झाडणार नाही. व्यंगचित्र निघालं, ब्रुकलिनच्या दुकानदाराने खेळणं काढलं. आता पोरांना न सांगायचा भाग: जखमी अस्वलाला वेदनांतून सोडवा असं त्यानेच सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं.

स्क्रँटनकर | सोम, पहाटे ५:०८ (आमच्याकडे रविवार संध्याकाळ)

साहेब, तुम्ही माझ्या गावात आलात आणि कळवलंही नाही! लवादाच्या सुनावण्या इथेच स्क्रँटनला सुरू झाल्या. कामगारांच्या बाजूने वकील क्लॅरेन्स डॅरो उभा होता. कोर्टाच्या आवारात जॉन मिचेलचा पुतळा आहे, रोज त्यावरून जातो.

इथे एका जुन्या खाणीत पर्यटकांना उतरवतात. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. वर संग्रहालयात पोरांचे फोटो लावले आहेत. ब्रेकर म्हणजे कोळसा फोडून चाळायची उंच इमारत, तिच्यात घसरणीवरून कोळसा खाली यायचा आणि फळ्यांवर ओळीने बसलेली पोरं त्यातून पाटीचा दगड वेचायची. हातमोजे घालायला बंदी, बोटांना कळत नाही म्हणून. बोटं सुजून फुटायची. मुलीने विचारलं, यांना सुट्टी कधी असायची? वाटाड्या म्हणाला, संप झाला की.

आणि तोलाबद्दल. टन म्हणजे २,२४० पौंड हे कागदावर. कंपन्या मजुरी देताना त्याहून कितीतरी जास्त कोळशाला एक टन धरायच्या, वर 'दगड आहे' म्हणून आख्ख्या गाडीमागे कापायच्या ते वेगळंच.

जुना_इन्स्पेक्टर | सोम, सकाळी ७:२०

@स्क्रँटनकर, तुमचा टन आणि आमचा हजार सख्खे भाऊ आहेत हो. बाई हजार विड्या मोजून नेते, तिथे 'छाट' निघते. ही सैल, ही आखूड, ही फुटकी. छाटीला नियमांत मर्यादा आहे, पण टोपलीसमोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात नियम नसतो. एका ठिकाणी मी छाटलेल्या विड्या परत मोजायला लावल्या. त्यातल्या अर्ध्याअधिक मला तरी चांगल्या वाटल्या. मुकादम म्हणाला, साहेब तुम्ही ओढता का? नाही. मग तुम्हाला काय कळणार!

म्हणून दहा टक्क्यांपेक्षा तो 'स्वतःचा तोलारी' मला मोठा वाटतो.

तिरफळ | सोम, सकाळी ११:४५

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझ्यासाठी रूझवेल्ट म्हणजे ३० जून १९०६. शुद्ध अन्न व औषध कायदा आणि मांस तपासणी कायदा, दोन्हींवर एकाच दिवशी सह्या. शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी गाजली हे सगळे सांगतात. रूझवेल्टने तिच्यावर भिस्त न ठेवता नील आणि रेनल्ड्स हे दोन तपासनीस पाठवले, आणि त्यांचा अहवाल कंपन्यांच्या डोक्यावर टांगता ठेवला. विधेयक अडतंय म्हटल्यावर पहिला भाग उघड केला.

पण खरा नायक हार्वे वायली, कृषी खात्याचा रसायनशास्त्रज्ञ. १९०२ च्या अखेरीस त्याने बारा तरुण नोकरदार जमवले. तळघरात त्यांची खाणावळ. जेवण उत्तम आणि फुकट, फक्त त्यात बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. तेव्हा मांस, लोणी टिकवायला तो सर्रास घालत. आधी लोण्यात लपवला, तर पोरांनी लोणी खायचं सोडलं. दुसऱ्या पदार्थांत घातला तरी तीच तऱ्हा. शेवटी सरळ कॅप्सूलमध्ये भरून दिला. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'विषपथक'. पुढे सॅलिसिलिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड... आज एकही नैतिकता समिती परवानगी देणार नाही.

आता किस्सा. १९०८ मध्ये वायली रूझवेल्टसमोर म्हणाला की डब्यातल्या मक्यात साखरेऐवजी सॅकरिन घालतात, ही फसवणूक आहे आणि तब्येतीला अपायही. रूझवेल्ट भडकला: सॅकरिन अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, माझा डॉक्टर मला रोज देतो! लगेच वायलीच्या डोक्यावर तज्ज्ञमंडळ बसवलं. अध्यक्ष कोण? आयरा रेमसन, ज्याच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला तोच.

भाकरवडी | सोम, दुपारी १२:१०

म्हणजे साहेबांच्या चहात हात घातला की सुधारणा संपली.

सागवान | सोम, दुपारी ३:३०

जंगलांविषयी कोणीच बोलेना म्हणून लिहितो. ३६ वर्षं वनखात्यात होतो.

फेब्रुवारी १९०७. लाकूड आणि चराईवाल्यांचे सिनेटर वैतागलेले. ओरेगॉनच्या फुल्टनने खर्चाच्या विधेयकाला शेपूट जोडलं: वायव्येच्या सहा राज्यांत यापुढे राष्ट्राध्यक्षाने राखीव जंगल जाहीर करायचं नाही. विधेयकावर सही केली नाही तर वनखात्याचा पैसाच बंद. सहीला मुदत ४ मार्चपर्यंत. वनप्रमुख गिफर्ड पिंचोच्या कचेरीत कारकून दिवसरात्र बसले, नकाशे रंगवून राष्ट्राध्यक्षाकडे जात राहिले आणि हा सह्या करत राहिला. एक कोटी साठ लाख एकर! महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच. सगळं राखीव करून झाल्यावर मग विधेयकावर सही, ज्यात लिहिलंय की आता राखीव करता येणार नाही. विरोधकांचा नुसता थयथयाट.

मी एका साध्या कंपार्टमेंटच्या हद्दीसाठी अकरा वर्षं फाइल फिरताना पाहिली आहे. असूया वाटते.

पेठेतला_वाचक | सोम, रात्री ८:०५

आरती छान चालली आहे, प्रसाद मिळाला की जातो. त्याआधी काही तारखा.

१८ जानेवारी १९०९. वॉशिंग्टनमध्ये मेथडिस्ट मंडळींच्या सभेत याच सुधारकाने हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचे गोडवे गायले. युरोपीय रक्ताच्या लोकांनी दुसऱ्या खंडातल्या दाट वस्तीच्या देशावर यशस्वी राज्य केल्याचं इतिहासातलं सर्वांत मोठं उदाहरण, असा सूर. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, सहा वर्षांची शिक्षा, सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं.

ऑगस्ट १९०६, टेक्सासमधलं ब्राउन्सव्हिल. रात्री गोळीबार झाला, गावकऱ्यांनी बोट दाखवलं छावणीतल्या काळ्या पलटणीकडे. खटला नाही, पुरावा धड नाही. कोणी तोंड उघडत नाही म्हणून १६७ शिपायांना एका फटक्यात बडतर्फ केलं, पेन्शनही बुडाली. हुकूम जाहीर कधी केला? नोव्हेंबरची निवडणूक पार पडल्यावर. १९७२ मध्ये लष्कराने तो फिरवला, तेव्हा त्यातले जेमतेम दोघं हयात.

हाच माणूस १९०१ मध्ये काळ्या समाजाचा पुढारी बुकर टी. वॉशिंग्टनला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावतो. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. पुन्हा कोणा काळ्या माणसाला जेवणाचं आमंत्रण गेलं नाही.

साहेब, तुमचा सिद्धांत असा दिसतो की हा खोलीत गेला की शहाणा व्हायचा. ब्राउन्सव्हिलच्या बराकीत का नाही गेला?

चंद्रपूरकर | सोम, रात्री ८:४०

+१ वाचकराव. आणि सागवानकाका, तुमच्या एक कोटी साठ लाख एकरांत आधी कोण राहत होतं? मोंटानात गव्यांसाठी अभयारण्य केलं १९०८ मध्ये, तेही फ्लॅटहेड जमातीच्या राखीव जमिनीतून, त्यांना न विचारता. अठरा हजार एकर. ती जमीन त्यांना परत मिळाली २०२० च्या कायद्याने. आमच्याकडे वाघासाठी उठवलेल्या गावांतली माणसं हे वाक्य दोनदा वाचतील.

सागवान | सोम, रात्री ९:१५

@चंद्रपूरकर, बरोबर आहे. माझ्याही सहीने काही घरं हलली आहेत. त्यावर इथे लिहिणार नाही, पण मुद्दा मान्य.

जुना_इन्स्पेक्टर | सोम, रात्री १०:२०

वाचकराव, आरती म्हणालात ते थोडं लागलं, आणि थोडं बरोबरही आहे.

ब्राउन्सव्हिलला माझ्याकडे उत्तर नाही. सिनेटर फोरेकर वर्षानुवर्षं त्या शिपायांसाठी भांडला, कागद समोर ठेवले, तरी हा हट्ट सोडेना. भरीला १९१२ घाला. पक्ष फोडून नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला, कार्यक्रम काय तर बायकांना मत, आठ तासांचा दिवस, आजारपणाचा विमा, पोरांच्या मजुरीला बंदी. आणि त्याच अधिवेशनात दक्षिणेतल्या काळ्या प्रतिनिधींना दारातून परत पाठवलं, गोऱ्यांची मतं मिळावीत म्हणून. ती मिळाली नाहीतच.

त्या प्रचारात मिलवॉकीला छातीत गोळी लागली. खिशातलं घडी घातलेलं पन्नास पानी भाषण आणि चष्म्याचं धातूचं घर यांनी जीव वाचला, आणि हा गोळी छातीत ठेवून तासाहून जास्त बोलला. निवडमंडळाची ८८ मतं मिळाली, जुन्या पक्षाच्या टाफ्टला ८, विल्सन ४३५ घेऊन निवडून आला. विल्सनच्या सरकारने १९१३ मध्ये केंद्रीय कचेऱ्यांतून काळे-गोरे कारकून वेगळे बसवायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले.

तरी त्या सिगारच्या खोलीत जाऊन आलेला माणूस मला सोडवत नाही. मी त्याच्या दहापट खोल्यांत गेलोय, वाचकराव.

पेठेतला_वाचक | सोम, रात्री १०:४१

तुम्हाला लागावं म्हणून नव्हतं लिहिलं. विड्या परत मोजायला लावणारा अधिकारी मी तरी दुसरा ऐकला नाही.

भाकरवडी | मंगळ, सकाळी ९:०२

सगळं वाचलं. माझी सुई अजून समाजशास्त्रज्ञावर अडकली आहे. त्या कंडक्टरचं पुढे काय झालं? की लवाद संपला आणि गेला घरी?

स्क्रँटनकर | मंगळ, सायंकाळी ५:५०

हे मला माहीत आहे! १९०६ मध्ये हेपबर्न कायदा झाला. रेल्वेने मालवाहतुकीला जास्तीत जास्त किती भाडं घ्यायचं हे ठरवायचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाला मिळाला. आयोगावर माणसं वाढवायची होती, रूझवेल्टने क्लार्कला नेमलं. तो तिथे १९२१ पर्यंत होता. बेअरची रीडिंग रेल्वेही त्याच आयोगाखाली.

भाकरवडी | मंगळ, सायंकाळी ६:०४

मामाच निघाला शेवटी!